शाळेच्या बागेतील भुंगेऱ्यांच्या अळ्या : ओळख व संगोपन

हेतू : वाफे खणताना मातीत पांढरट, वाकलेल्या अळ्या सापडतात. मुले त्यांस सरसकट हुमणी समजून चिरडतात. परंतु अशी प्रत्येक अळी पिकाची शत्रू नसते. आधी पाहावे, पडताळावे व मग निर्णय द्यावा, ही सवय मुलांस लागावी, हा या पाठाचा हेतू होय.

ओळख : डोके तांबूस व कठीण, छातीशी पायांच्या तीन जोड्या आणि अंग कोयत्याच्या पात्यासारखे वाकलेले, ही या अळ्यांची सामान्य खूण आहे. प्रथम अळी कोठे सापडली ते विचारावे. ऊस, भुईमूग यांसारख्या पिकांच्या मुळांशी सापडलेली अळी बहुधा हुमणी असते. शेणखताच्या खड्ड्यात कुजका पालापाचोळा खाणाऱ्या अन्य भुंगेऱ्यांच्या अळ्याही असतात. तथापि लहान हुमणी कुजके पदार्थही खाते. म्हणून जागेवरून केलेला तर्क पडताळून पाहावा. त्यासाठी अळी सपाट फळीवर ठेवावी. हुमणी कुशीवर पडून राहते किंवा पायांनी कशीबशी सरकते. फुलांवर येणाऱ्या काही भुंगेऱ्यांची अळी मात्र उताणी होते व पाय वर ठेवून पाठीने सरपटते. खतातील फार मोठी, अंगठ्याएवढी जाड अळी नारळाच्या शेंड्यास उपद्रव देणाऱ्या गेंड्या भुंग्याची असू शकते.

संगोपन : अळ्या एकमेकींस चावतात, म्हणून एका कुंडीत एकच अळी ठेवावी. जेथे ती सापडली तेथील माती किंवा खत वीतभर भरावे. मूठ दाबली असता ढेकूळ बनावे, पण पाणी निथळू नये, इतकीच ओल असावी. हुमणीसाठी कुंडीत ज्वारीचे चार दाणे पेरावेत, म्हणजे तिला मुळे मिळतील. तोंडास विरळ कापड बांधून कुंडी सावलीत ठेवावी. अळी हाताळल्यावर हात धुवावेत.

नोंद : दर आठवड्यास तारीख, लांबी व टाकलेली कात यांची नोंद मुलांनी करावी. वाढीच्या काळात अळी दोनदा कात टाकते. पुढे ती मातीत पोकळी करून कोषावस्थेत जाते; त्यानंतर कुंडी उकरू नये. हुमणीचा भुंगेरा कोषातून निघाला तरी जमिनीतच राहतो व पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ यांची पाने खातो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतही कुंडी सांभाळण्याची व्यवस्था करावी.

समारोप : हुमणीचे व गेंड्या भुंग्याचे भुंगेरे मोकळे सोडू नयेत, ते रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. खत कुजविण्यास साहाय्य करणाऱ्या अळ्या खड्ड्यात परत सोडाव्यात. कोणती अळी कोठे जावी व का, हे मुलांनीच आपल्या नोंदींच्या आधारे सांगावे. तसे सांगता आले म्हणजे पाठ साधला असे समजावे.