मूत्राशयाचा कर्करोग : रंग, रसायन आणि आनुवंशिकता

सुरतेच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांत खानदेशातून गेलेली पुष्कळ मराठी माणसे आहेत. तिकडच्याच एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, रंगरसायनांनी मूत्राशयाचा कर्करोग होतो म्हणतात. मग एकाला होतो आणि शेजारच्याला नाही, हे कसे? ते रक्तातूनच येते काय?" प्रश्न चांगला आहे, उत्तर सरळ नाही.

1895 साली लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने फुक्सिन रंगाच्या कामगारांत हा रोग नोंदविला. पुढे दोष सिद्ध झाला तो बीटा-नॅफ्थिलअमाइन, बेंझिडीन अशा ॲरोमॅटिक अमाइनांचा. आपल्या प्रयोगशाळेतला काँगो रेड बेंझिडीनपासूनच निघालेला. (असे रंग मुख्यतः सुतासाठी; सुरतेच्या पॉलिएस्टर साड्यांना डिस्पर्स जातीचे रंग लागतात.)

अमाइन शरीरात गेले की यकृतातील एनएटी-2 हे विकर त्याला ॲसिटिल गट जोडून निकामी करू पाहते. या विकराच्या जनुकाचे काही प्रकार मंद असतात. आई आणि वडील दोघांकडूनही मंद प्रकार आला, तर ती व्यक्ती 'मंद ॲसिटिलीकारक'. क्षयावरील आयसोनियाझिड काहींच्या रक्तात फार वेळ टिकते, त्यावरून हा भेद प्रथम ध्यानात आला. मंद व्यक्तीत अमाइनाला घातक रूप घेण्यास सवड मिळते. 1982 साली कार्टराइट यांना इंग्लंडातील हडर्सफील्ड येथे रंगउद्योगातील 23 रुग्णांपैकी 22 मंद आढळले. झाले, कोडे सुटले असे वाटावे!

पण 1996 साली अहमदाबादच्या 33 बेंझिडीन-कामगारांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. मंद कामगारांच्या मूत्रमार्गाच्या पेशींत डीएनएला चिकटलेले अवशेष अधिक नव्हते; उलट मुख्य अवशेष ॲसिटिल जोडलेल्या बेंझिडीनचाच होता. बेंझिडीनला अमाइन गट दोन. एकावर ॲसिटिल बसले, तरी दुसरा डीएनएला भिडण्यास मोकळाच! म्हणजे एका रसायनापुढे जी उणीव, ती दुसऱ्यापुढे उणीव ठरत नाही. रक्त तपासून 'मंद' माणसाला कामावर घेऊ नये, असे सुचविणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. शिवाय मंद प्रकार आपल्याकडे इतका सर्रास आहे, की निम्मे खाते रिकामे होईल.

विडी-सिगारेटच्या धुरातही अशी अमाइने असतात, आणि धूम्रपान करणाऱ्या मंद व्यक्तींना धोका अधिक, हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. बेंझिडीन-रंग हाताळण्यास भारतात 1990 नंतरच्या दशकात बंदी आली. परंतु रोग संपर्कानंतर वीस-तीस वर्षांनीही उद्भवतो. तेव्हा घरातील जुन्या रंगकामगाराच्या लघवीतून, वेदना नसतानाही, एकदा जरी रक्त गेले, तरी त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे आणि पूर्वीचे काम कोणते होते ते सांगावे.