मान्यता नाही, तरी मान कसा?

प्रश्न : तैवानला बहुतेक देश स्वतंत्र देश म्हणून मान्यताही देत नाहीत. तरी अमेरिका, जपान, जर्मनी त्याला इतकं जपून का वागवतात? निव्वळ चिपमुळे? मग वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावला झाला असता तर आपल्यालाही तसं वजन आलं असतं का?

उत्तर : मान्यतेचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांतली तैवानची जागा गेली. 2024 च्या सुरुवातीला नाऊरूने साथ सोडली, तेव्हा व्हॅटिकन धरून जेमतेम बारा मित्र उरले. जर्मनी त्या बारांत नाही. तरी जानेवारी 2021 मध्ये जर्मनीचे अर्थव्यवहारमंत्री पीटर आल्टमायर यांनी तैवानच्या मंत्र्यांना पत्र धाडलं. चिपअभावी जर्मन मोटार कारखान्यांच्या लाइन थांबत होत्या. तुमच्या कंपन्यांना जरा सांगा, अशी विनंती त्यात होती. जिथे राजदूतच नाही, तिथे मंत्र्याने शब्द टाकावा, ही वेळ एका दिवसात आली नाही.

सुरुवात सत्तरच्या दशकातली. तेव्हा तैवान छत्र्या, खेळणी, कपडे, रेडिओ असला स्वस्त माल विकायचा. अर्थमंत्री सुन युन-सुआन यांनी 1973 मध्ये ‘इट्री’ ही सरकारी संशोधन संस्था उभी केली. 1976 मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिप बनवण्याचं तंत्र विकत घेतलं आणि तरुण इंजिनिअरांची तुकडी तिकडे शिकायला पाठवली. घेतलेलं तंत्र तेव्हाही काही अव्वल नव्हतं. पोरांनी परत येऊन प्रायोगिक कारखान्यात घड्याळाच्या चिप काढल्या. खुद्द आरसीएपेक्षा त्यांचा निर्दोष माल जास्त निघू लागला, असं तिथे आजही कौतुकाने सांगतात. 1980 मध्ये सिंचूचं विज्ञान उद्यान सुरू झालं.

खरी खेळी पुढची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या मॉरिस चँग यांना 1985 मध्ये ‘इट्री’चे प्रमुख म्हणून बोलावलं गेलं. तेव्हाचे मंत्री ली क्वो-तिंग यांनी त्यांना सांगितलं, एक चिप कंपनी काढा. चँग यांनी हिशेब मांडला. डिझाइनमध्ये इंटेलशी टक्कर घेणं आपल्याला झेपणार नाही, ब्रँड नाही, विक्रीचं जाळं नाही. हात मात्र चांगला आहे. मग फक्त बनवून द्यायचं. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगबरहुकूम कास्टिंग ओतून देते, स्वतःचा पंप बाजारात आणून त्याच गिऱ्हाइकाच्या पोटावर पाय देत नाही, तसंच. 1987 मध्ये टीएसएमसी ही कंपनी निघाली ती या एका अटीवर.

पैसा उभारताना मात्र दमछाक झाली. जवळपास निम्मं भांडवल सरकारी निधीचं होतं, पावपेक्षा थोडं जास्त डच फिलिप्सचं. उरलेल्यासाठी सरकारला देशातल्या बड्या उद्योगपतींना अक्षरशः गळ घालावी लागली. त्यांच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा धंदा होता. त्यांना तरी दोष कसा द्यावा? स्वतःचा कारखाना नसलेल्या चिप कंपन्या तेव्हा होत्याच किती! गिऱ्हाईकच नसलेलं दुकान थाटायचं होतं. पण दुकान निघालं म्हणून गिऱ्हाइकं जन्माला आली. कारखान्याचा अवाढव्य खर्च टळल्यामुळे चार इंजिनिअर एकत्र येऊन डिझाइन कंपनी काढू लागले. एनव्हिडिया त्याच पिढीतली. टीएसएमसी आपल्याशी स्पर्धा करणार नाही, या भरवशावर ॲपलनेही आपली चिप तिच्याकडे सोपवली. आज जगातल्या सर्वांत प्रगत चिपपैकी बहुतांश तैवानमध्ये बनतात. त्या थांबल्या तर थांबणारी कंपनी अमेरिकेची असते, आणि तैवानची चिंता वॉशिंग्टनला करावी लागते.

पण हे वजन फुकट आलेलं नाही. चिप धुवायला अतिशुद्ध पाणी अफाट लागतं. 2021 च्या दुष्काळात तैवान सरकारने भातशेतीचं सिंचन बंद केलं, शेतकऱ्यांना भरपाई दिली, आणि कारखान्यांनी वर टँकरही लावले. आपल्याकडे 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी कमी करायचा आदेश दिला होता. तैवानमध्ये पारडं उलट बाजूला झुकलं. असा निर्णय मराठवाड्यात घेऊन निवडून येईल असा पुढारी मला तरी दिसत नाही.

आणि ही सत्ताही निर्वेध नाही. सर्वांत बारीक चिप काढायची यंत्रं नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते, तंत्रात अमेरिकेचा वाटा मोठा. 2020 मध्ये अमेरिकेने नियम आवळले आणि चीनच्या हुवावेसारखं बडं गिऱ्हाईक टीएसएमसीला सोडावं लागलं. आता अमेरिकेत ॲरिझोना, जपानमध्ये कुमामोतो, जर्मनीत ड्रेस्डेन इथेही कारखाने काढावे लागताहेत. सगळे कारखाने बाहेर गेले तर उद्या आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती तैवानी लोकांत आहे, आणि ती मला रास्त वाटते.

आता तळेगाव. सप्टेंबर 2022 मध्ये तो प्रकल्प गुजरातला गेल्यावर इथे केवढा गदारोळ झाला! जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन भागीदारीतूनच बाहेर पडली. तेव्हा त्यावर अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. हळहळ करायचीच तर मोहालीची करावी. तिथल्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये 1984 मध्ये, म्हणजे टीएसएमसीच्या तीन वर्षं आधी, उत्पादन सुरू झालं होतं. 1989 मध्ये आग लागली, पुन्हा उभं राहायला कित्येक वर्षं गेली आणि तोवर जग पुढे निघून गेलं. आज ती संस्था मुख्यतः इस्रोसारख्या सरकारी गरजांसाठी चिप बनवते. एक आग कुठेही लागू शकते. आगीनंतर दुसऱ्या कारखान्याचा पैसा तयार नव्हता, बाहेरचं गिऱ्हाईक खोळंबलेलं नव्हतं, हे माझ्या मते जास्त नडलं.

सध्या टाटा आणि तैवानची पॉवरचिप मिळून गुजरातमधल्या धोलेराला सुमारे 91 हजार कोटींचा कारखाना उभारत आहेत. तिथे 28 नॅनोमीटर आणि त्याहून जाड चिप निघतील, म्हणजे फोनच्या मेंदूच्या नव्हे, तर मोटारी, डिस्प्ले, वीज नियंत्रण यांच्या. नाक मुरडायचं कारण नाही. आल्टमायर यांनी पत्र लिहिलं ते मोटारींच्या असल्याच चिपसाठी. फक्त त्या जाड चिप चीनही मोठ्या प्रमाणावर काढू लागलाय. धोलेराचा माल त्या भावात आणि त्या खात्रीने मिळाला, तर पुण्याच्या चाकणमधले गाडीवालेही तो घेतील. नाहीतर ते तैवानकडून घेतात तसेच घेत राहतील.