गावी परतायचंय, मग एमडीएस कशात?

प्रश्न : मी जिंतूरची. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात, ऑर्थो घे, पैसा आहे. मला गावीच दवाखाना टाकायचाय. काय निवडू?

उत्तर : गावी परतायचं पक्कं असेल, तर आधी गावातले आजार पाहा. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी दोन बोटंसुद्धा तोंड उघडत नाही असे तरुण तुम्ही ओपीडीत पाहिलेच असतील. पुढे त्यांच्यातल्या काहींना कर्करोग होतो. तो वेळीच ओळखणारं माणूस तालुक्यात असणं मला फार मोलाचं वाटतं. म्हणून ओरल मेडिसिन आणि ओरल सर्जरीचा विचार जरूर करा. ऑर्थो वाईट नाही, पण तारांचा उपचार दीड-दोन वर्षं चालतो. एका तालुक्यात पुरेसे पेशंट मिळाले नाहीत, तर परभणी, सेलू असं फिरावं लागेल. घरच्यांशी हे मोकळेपणाने बोला.

रूट कॅनाल, कवळी, दात काढणं बीडीएसवरही करता येतं. तेव्हा नीट-एमडीएसची घाई नको. इंटर्नशिपच्या वर्षात प्रत्येक विभागात मन लावून काम करा, मगच ठरवा. आणि मोठं कर्ज काढून नावडती शाखा अजिबात घेऊ नका.