शीळफाट्यावर बसला वेगळी वाट मिळेल का?

प्रश्न : कल्याण-शीळ रस्ता रुंद झाला, तरी आमची बस कटाई नाक्यापासून शीळफाट्यापर्यंत ट्रकांच्या रांगेतच उभी असते. रस्त्याचे मधले दोन पदर कठडे टाकून फक्त बससाठी राखले, पुण्याच्या बीआरटीसारखे, तर हा त्रास संपणार नाही का?
– एक वाचक, निळजे

उत्तर : नुसत्या कठड्यांनी त्रास संपणार असता, तर पुण्यात तो केव्हाच संपला असता. देशातला बीआरटीचा पहिला प्रयोग तिथेच झाला, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर. पदर आखले, पण बस तीच जुनी, पायऱ्यांची. तिकीट आतमध्ये वाहकाकडे. आणि मधल्या थांब्यावर पोचायला प्रवाशाने वाहत्या गाड्यांतून रस्ता ओलांडायचा. उड्डाणपूल किंवा मोठा चौक आला की राखीव पदर संपायचा आणि बस पुन्हा गर्दीत शिरायची. दुचाकीवाले त्या पदरात घुसायचे, हे वेगळं सांगायला नको.

बसचा वेळ मुळात जातो कुठे, ते पाहा. धावताना तो फारसा वाया जात नाही; जातो तो थांब्यावर आणि सिग्नलला. अहमदाबादच्या जनमार्ग बीआरटीने २००९ मध्ये थांब्याचा प्रश्न नीट सोडवला. तिकीट स्थानकातच, फलाट बसच्या मजल्याइतका उंच, दारं रुंद आणि फलाटाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे. म्हातारी माणसंसुद्धा पाऊल सरळ आत टाकतात. पुण्यानेही २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्ग सुरू करताना हाच रस्ता धरला. दिल्लीचा आंबेडकरनगर-मूलचंद मार्ग मात्र चौकांत अडकला. थांबे सिग्नलला चिकटून, त्यामुळे बसमागे बस. २००८ ला सुरू झालेला तो मार्ग २०१६ मध्ये उखडला गेला.

आता आपल्याकडे या. सहा पदर म्हणजे गाड्यांसाठी ढोबळ मानाने २१ मीटर. बसचे दोन पदर ७ मीटर घेतील, स्थानकाचा फलाट ४ मीटर. उरले १०, म्हणजे स्थानकापाशी दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर. त्यातून एक ट्रक आणि त्याच्या बाजूने एखादी रिक्षा, एवढंच जाईल. शिवाय थांबलेल्या बसला ओलांडून मागची जलद बस पुढे जायला हवी असेल, तर तिथे आणखी दोन पदर लागतात. हुबळी-धारवाडच्या सुमारे २२ किलोमीटरच्या मार्गावर २०१८ पासून जलद बस अशाच पुढे जातात, पण बाकीच्या वाहनांना रस्ता पुरत नाही ही ओरडही तिथे ऐकू येते. आपल्याकडे कल्याण ते मानपाडा भागात मेट्रो १२ चं काम चालू आहे, निळज्याला दिवा-पनवेल रेल्वेवरचा पूल आहे. पुलावर फलाटासाठी जास्तीची रुंदी आणायची कुठून?

पण खरी परीक्षा फाट्यावरच आहे. बस रस्त्याच्या मध्यातून सरळ निघाली की उजवीकडे वळणाऱ्या प्रत्येक वाहनाला तिचा पदर कापावा लागतो. म्हणून उजव्या वळणाला वेगळा हिरवा दिवा द्यावा लागतो, आणि जितके दिवे वेगळे तितका प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ कमी. जगभर यावर एक उपाय करतात. उजवं वळण बंद करायचं आणि पुढे जाऊन यू-टर्न घ्यायला लावायचा. शीळफाट्यावर हे कुणाला सांगणार? न्हावा-शेव्याहून निघालेल्या चाळीस फुटी कंटेनरला? त्याच्या यू-टर्नलाच एक वेगळा चौक बांधावा लागेल. त्यात कल्याणफाटा आणि शीळफाटा शेजारी-शेजारी, म्हणजे एका ठिकाणची रांग थेट दुसऱ्याच्या तोंडाशी.

आणखी एक गोष्ट. इथून बस एका सरळ रेषेत जात नाही. कुणाला महापे-वाशी, कुणाला मुंब्रा-ठाणे, कुणाला पनवेल. फक्त स्वतःच्याच बस चालवणारा बंदिस्त मार्ग केला, तर बऱ्याच लोकांना फाट्यावर उतरून दुसरी बस धरावी लागेल. उघडा ठेवला, तर कल्याण-डोंबिवलीची केडीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी आणि ठाण्याची टीएमटी या तिन्ही उपक्रमांच्या बसना दोन्ही बाजूंना दारं हवीत आणि तिकीटही एकच हवं. माझ्या मते यातलं तिकिटाचं काम रस्त्याच्या कामापेक्षा कठीण आहे.

मग पदर राखायचा केव्हा? साधा हिशेब करा. दर मिनिटाला एक बस आणि तीत साठ माणसं, तर तासाला ३,६०० लोक एका पदरातून जातात. त्याच पदरातून सिग्नलच्या रस्त्यावर तासाला ८०० मोटारी गेल्या आणि मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर १,२००. मात्र बस दहा मिनिटांनी एक असेल, तर ३६०च. असा पदर दिवसभर रिकामा दिसतो, लोक चिडतात आणि पहिल्याच आठवड्यात कठडे बाजूला सरकतात. म्हणून आधी बस वाढवायच्या, मग चौक सुधारायचा आणि पदर सर्वांत शेवटी. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो, कारण कठड्याचं उद्घाटन करता येतं.

या रस्त्यावर मी पूर्ण बीआरटी मागणार नाही. फाट्याच्या अलीकडचे दोन-तीनशे मीटर डावा पदर फक्त बसला राखावा, तिला इतरांच्या आधी काही सेकंद हिरवा दिवा मिळावा, आणि त्या पदरात घुसणाऱ्याला कॅमेऱ्याने दंड व्हावा. एवढं केलं तरी बस रांगेच्या पुढे येईल. खर्चही फार नाही. अट एकच, त्या पदरात रिक्षा आणि टेम्पो उभे राहू द्यायचे नाहीत.

प्रश्न : मेट्रो १२ आल्यावर बसची गरजच काय उरेल?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : कल्याणहून निघालेली मेट्रो १२ मानपाड्यापर्यंत आपल्या रस्त्याने येते, पण पुढे हेदुटणे, कोळेगाव, निळजे करत तळोज्याकडे वळते. शीळफाट्याला ती जात नाही. या रस्त्याने महापे, मुंब्रा किंवा ठाण्याला जाणाऱ्याला फाट्यावरून बस लागेलच.