रस्त्याची निगा, जिवाची राखण
(भांडुपच्या अनुभवातून एक अभ्यास)

मुंबई आणि ठाणे ही गावे लोहमार्गाने जोडावीत, ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपला दिलेल्या भेटीत सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली पहिली आगगाडी याच परिसरातून धावली. म्हणजे देशाच्या आधुनिक वाहतुकीशी भांडुपचे नाते फार जुने आहे. आज मात्र या उपनगरातील नागरिकासमोरचा प्रश्न ठाण्याला कसे पोहोचावे हा नाही. घरापासून स्थानकापर्यंत सुखरूप कसे पोहोचावे, हा आहे.

पूर्वी आग्रा रोड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने १९५० नंतर कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर कामगार आले आणि कामगारांबरोबर चाळी व वस्त्या आल्या. कोकण नगर, टेंभीपाडा, तुलशेतपाडा, खिंडीपाडा ही नावेच या वाढीची साक्ष देतात. डोंगराच्या उतारावर घरे चढत गेली. पण त्या सर्व घरांतील माणसांना सकाळ-संध्याकाळ खाली उतरून त्याच मोजक्या रस्त्यांनी स्थानकाकडे जावे लागते. रस्ते पूर्वीचे आणि रहदारी आजची, अशी ही स्थिती आहे.

२९ डिसेंबर २०२५ रोजी रात्री भांडुप पश्चिमेच्या स्थानकाबाहेर बेस्टची बस पादचाऱ्यांवर जाऊन चार जणांना प्राण गमवावे लागले. त्याआधी वर्षभर, ९ डिसेंबर २०२४ रोजी, कुर्ला येथेही बसच्या अपघातात अनेकांचा बळी गेला होता. अशा प्रत्येक घटनेची कारणे ठरविणे हे तपासयंत्रणेचे व न्यायालयाचे काम आहे. नागरिकांनी विचार करावयाचा तो वेगळ्या प्रश्नाचा. वाहन ज्या ठिकाणी आले, त्या ठिकाणी माणसे का होती? पदपथ सोडून ती रस्त्यावर का चालत होती? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की वाहतुकीची सुरक्षितता आणि परिसराची निगा हे दोन विषय नसून एकच विषय आहे, हे ध्यानात येते.

पाण्याची वाट आणि खड्ड्याचा जन्म

भांडुपची भूरचना लक्षात घेतली पाहिजे. पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, पूर्वेस लोहमार्ग, पूर्व द्रुतगती महामार्ग, मिठागरे आणि ठाण्याची खाडी. पावसाचे पाणी साहजिकच पश्चिमेकडून पूर्वेकडे धावते. येताना ते माती, वाळू आणि आपण टाकलेला कचरा बरोबर आणते. उताराच्या पायथ्याशी गटाराचे तोंड बंद असेल, तर तेच पाणी रस्त्यावर पसरते.

पाणी हा डांबरी रस्त्याचा शत्रू आहे. पृष्ठभागावर बारीक भेग पडली की पाणी आत झिरपते आणि खालच्या खडीचा थर सैल होतो. वरून जड वाहनाचे चाक गेले की आतले पाणी दाबाने खडीचे कण ढकलते. चाक पुढे गेले की ते कण पाण्याबरोबर बाहेर येतात. ही क्रिया दिवसातून हजारो वेळा घडते आणि चार-आठ दिवसांत भेगेचा खड्डा होतो. खड्डा पाण्याने भरला की त्याची खोली दिसत नाही. दुचाकीस्वार तो चुकविण्यासाठी एकाएकी बाजूला वळतो आणि मागून येणाऱ्या वाहनासमोर येतो. कारवाईच्या नोंदीत हा अपघात चालकाच्या चुकीचा ठरेल. पण त्याची सुरुवात गटारात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीपासून झालेली असते.

भांडुपपासून जवळच असलेल्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर २८ जुलै २०१५ रोजी पाण्याने भरलेल्या खड्ड्यामुळे एका सोळा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याचे वडील, मरोळचे भाजीविक्रेते श्री. दादाराव बिल्होरे, यांनी त्यानंतर स्वतःच्या हाताने मुंबईतील शेकडो खड्डे बुजविले. त्यांच्या दुःखापुढे आणि जिद्दीपुढे मान लवते. तथापि, एका बापाने घमेले घेऊन रस्त्यावर उतरावे, यातच इतरांनी आपले काम केले नाही हे दडलेले आहे.

साचलेल्या पाण्याचा दुसरा धोका उघड्या मलनिस्सारण भुयारांचा, म्हणजे आपण ज्यांना मॅनहोल म्हणतो त्यांचा. जून २०२१ मध्ये भांडुप पश्चिमेच्या व्हिलेज रोडवर पाण्याखाली गेलेल्या पदपथावरून जाताना दोन महिला थोड्याच अंतराने उघड्या मॅनहोलमध्ये पडल्या. सुदैवाने दोघीही वाचल्या. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईतील नामवंत वैद्य डॉ. दीपक अमरापूरकर यांना मात्र अशाच प्रकारे प्राण गमवावे लागले. पाणी लवकर जावे म्हणून कोणी तरी झाकण उचलतो आणि त्यामागे हेतू चांगला असतो. पण उघड्या तोंडापाशी माणूस उभा न करता झाकण उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या वाटेत सापळा लावणे होय.

पदपथ हा रस्त्याचाच भाग

भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक मानकांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा असावी आणि त्याच्या काठाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. समोरासमोरून येणाऱ्या दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील, एवढी ही रुंदी आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ही जागा मोजून पाहावी. दुकानाचे वाढलेले फळकूट, उभ्या केलेल्या दुचाकी, इमारतीच्या दुरुस्तीचा राडारोडा, कुंड्या आणि फेरीवाल्यांच्या पाट्या वजा केल्या, तर काय उरते?

पदपथावर जागा नसली की वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दप्तर पाठीवर घेतलेली मुले रस्त्यावर उतरतात. बसचालकाच्या दृष्टीने ती अचानक उगवतात. फेरीवाल्यांचा प्रश्न केवळ हाकलण्याने सुटणारा नाही, कारण त्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने संरक्षण दिले आहे, आणि सायंकाळी घाईत घरी परतणारे गिऱ्हाईक आपणच असतो. मात्र रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत विक्री असू नये, हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली मान्य केलेला निर्बंध माणसांच्या जिवासाठी आहे. त्या १५० मीटरमध्ये आपण भाजीची जुडी विकत घेतली नाही, तर निर्बंधाची निम्मी अंमलबजावणी आपोआप होईल.

वेगाचे साधे गणित

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर मोटार थांबण्यास आणखी सुमारे १४ मीटर लागतात. एकूण अंतर झाले २८ मीटर. वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर हेच अंतर सुमारे १३ मीटरवर येते. ओल्या रस्त्यावर पहिला आकडा ३८ मीटरच्या आसपास जातो; दुसरा १७ मीटरच्या आसपास राहतो. बस व मालमोटारींना याहूनही अधिक अंतर लागते.

याचा अर्थ असा की, २० मीटरवर चेंडूमागे धावत आलेले मूल ३० च्या वेगात वाचते आणि ५० च्या वेगात वाहनाखाली सापडते. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ५० च्या वेगातील आघात ३० च्या मानाने जवळजवळ पावणेतीन पट असतो. वस्तीच्या रस्त्यावर ५० ऐवजी ३० च्या वेगाने गेल्यास अर्ध्या किलोमीटरमागे केवळ २४ सेकंद अधिक लागतात. एवढ्या वेळाच्या बदल्यात एक जीव पणाला लावावा काय, याचा विचार प्रत्येक चालकाने करावा.

वेग आवरण्यासाठी अनेक वस्त्यांत रहिवासी स्वतःच सिमेंटचा उंचवटा उभारतात. हा उपाय घातक आहे. मानकांनुसार गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असावी. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने विनाधक्का ओलांडता यावा. त्यावर पट्टे रंगविलेले असावेत आणि चालकास आधी सूचना देणारा फलक असावा. अरुंद, उंच व बिनरंगाचा उंचवटा रात्री दुचाकीस्वारास पाडतो, रुग्णवाहिकेतील रुग्णाला हादरे देतो आणि पावसाचे पाणी अडवून शेजारीच नवा खड्डा तयार करतो.

घाटकोपरने घालून दिलेला धडा

परिसराची निगा सामूहिकरीत्या कशी राखता येते, याचा धडा भांडुपपासून थोड्याच अंतरावर मिळतो. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९६-९७ च्या सुमारास ओला व सुका कचरा वेगळा करणे आणि गल्ली स्वच्छ राखणे हे काम एकत्र येऊन हाती घेतले. महानगरपालिकेने या प्रयोगाची दखल घेऊन १९९७ पासून प्रगत परिसर व्यवस्थापन ही योजना मुंबईभर नेली. एका गल्लीतील रहिवाशांनी समिती स्थापन करावी, विभाग कार्यालयाकडे नोंदणी करावी आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांशी नियमित संपर्क ठेवावा, असे तिचे स्वरूप आहे. पुढे २०००-०१ मध्ये राज्यात सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानेही हेच दाखवून दिले की, लोक पुढे आले तर निधीची उणीव हा अडथळा राहत नाही.

अशी समिती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याची मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. रस्ता बांधणे, गटाराचा नकाशा बदलणे, सिग्नल बसविणे ही कामे प्रशासनाचीच आहेत. रस्त्याकडे रोज पाहणे, पाहिलेले लिहून ठेवणे आणि स्वतःकडून अडथळा होऊ न देणे ही कामे रहिवाशांची आहेत. पहिले काम दुसऱ्यावाचून अपुरे राहते.

आपल्या गल्लीची पाहणी

ही पाहणी एखाद्या रविवारी तासाभरात करता येते. पाच-सहा जणांनी, त्यांत एक वृद्ध आणि एक शाळकरी मूल असावे, गल्लीच्या वरच्या टोकापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जावे. वहीत साधा नकाशा काढावा आणि त्यावर पुढील गोष्टी नोंदवाव्यात : पदपथ कोठे संपतो, झाकण कोठे हलते किंवा नाही, गटाराचे तोंड कोठे बुजले आहे, दिवा कोठे बंद आहे, वळणावर उभ्या वाहनांमुळे दृष्टी कोठे अडते, विजेच्या पेटीचे दार कोठे उघडे आहे, मूल कोठे पळत रस्ता ओलांडते. शेवटचा मुद्दा मोठ्या माणसांना दिसत नाही. मुलाला विचारल्यावाचून तो कळत नाही.

विजेच्या पेटीचा मुद्दा किरकोळ नाही. ऑगस्ट २०२५ मधील मुसळधार पावसात भांडुपच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर पाण्यातून जाणाऱ्या एका १७ वर्षांच्या तरुणाचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. अशी जागा आढळल्यास तेथे कोणाला तरी उभे करून तत्काळ कळवावे.

पाहणी पावसाळ्यापूर्वी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा करावी. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की पाणी कोठे अडते ते कोणी सांगावे लागत नाही. नोंदींची प्रत लाल बहादूर शास्त्री मार्गावरील महानगरपालिकेच्या एस विभाग कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. तातडीच्या तक्रारीसाठी १९१६ हा क्रमांक आहे. तक्रार करताना ठिकाण, तारीख व छायाचित्र यांची नोंद ठेवावी.

कायद्याचे पाठबळ

सुस्थितीतील रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने न्यायालयाने खड्डा अथवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. खड्ड्याची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत तो दुरुस्त व्हावा, असेही बजावले. रहिवाशांनी ठेवलेली तारीखवार नोंद येथे पुराव्याचे काम करते.

अपघात झालाच, तर बघ्याची भूमिका घेऊ नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र शासनाच्या योजनेनुसार अपघातग्रस्तास पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. पैशाच्या चिंतेने जखमीला रस्त्यावर पडू देण्याचे कारण आता उरलेले नाही.

उपसंहार

भांडुपच्या भोवती आज मोठी कामे चालू आहेत. लाल बहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो मार्ग ४ उभा राहत आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाखालील बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले आहे. मुंबईतील सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आहे. या कामांमुळे प्रवासाचा वेळ वाचेल. परंतु मेट्रोच्या जिन्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतची वाट कोणताही मोठा प्रकल्प सांभाळणार नाही. काँक्रीटच्या रस्त्याचेही गटार तुंबते आणि रुंद पदपथावरही दुचाकी चढते.

१८४३ मध्ये या भूमीवर एका अभियंत्याला लांबच्या प्रवासाची कल्पना सुचली. आज येथील नागरिकांसमोर जवळच्या प्रवासाचे काम आहे. टेंभीपाड्यातून निघालेले मूल शाळेत आणि रात्रपाळीहून उतरलेला कामगार घरी, पाय न घसरता व जीव मुठीत न धरता पोहोचला, तर ते काम झाले असे म्हणता येईल. त्याची सुरुवात आपल्या दारासमोरच्या गटाराच्या तोंडापासून होते.