खंड्या आणि त्याचें गणगोत

खंड्या म्हणजे मासे खाणारा पक्षी, असें आम्हीं आठवीच्या वर्गास सांगितलें, आणि त्याच दिवशीं मधल्या सुट्टींत एका मुलानें आम्हांस कुंपणापाशीं नेलें. तेथें तारेवर पांढऱ्या छातीचा खंड्या बसला होता व त्याच्या चोंचींत सरडा होता! जवळपास ओढा नाहीं कीं तळें नाहीं. मुलगा कांहीं बोलला नाहीं; परंतु चुकली होती ती आमची व्याख्या.

खाण्यावरून कुल ठरवूं लागल्यास बगळा आणि खंड्या सोयरे ठरतील. शास्त्रज्ञ आधीं शरीररचना पाहतात. खंड्याच्या पुढील तीन बोटांपैकीं बाहेरचें व मधलें हीं दोन बऱ्याच लांबीपर्यंत जुळलेलीं असतात. असा पाय फांदीवर बसण्यास पुरतो. चालण्यास त्याचा फारसा उपयोग नाहीं.

आपल्याकडे 'खंड्या' या एकाच नांवाखालीं निदान तीन पक्षी नेहमीं दिसतात. लहानगा निळा खंड्या कांठच्या फांदीवरून पाण्यांत बुडी घेतो. काळापांढरा कवड्या पाण्यावर एके ठिकाणीं पंख फडफडवीत राहून एकदम खालीं सूर मारतो. पांढऱ्या छातीचा मात्र शेतांत व बागेंत टोळ, बेडूक, सरडे पकडून सुखानें राहतो. लिनियसनें १७५८ सालीं हा व कवड्या यांस एकाच वंशांत घातलें होतें. आज आपले हे तिघेहि तीन निरनिराळ्या उपकुलांत मोडतात. जगांत खंड्यांच्या सुमारें १२० जाती असून उपकुलें तेवढीं तीनच. म्हणजे तीं तिन्हीं आपणांस घरबसल्या पाहावयास मिळतात. उत्तर व दक्षिण अमेरिका मिळून अवघ्या सहा जाती, आणि त्या सर्व कवड्याच्या उपकुलांतल्या. उलट ऑस्ट्रेलियांतील कूकाबुरा हा पांढऱ्या छातीच्या खंड्याचा भाऊबंद, आणि तो तर सापहि खातो.

याच गणांत वेडा राघू व नीलकंठ येतात. राघू दरडींत बीळ खणतो, तसाच खंड्याहि. नीलकंठ मात्र झाडाची ढोली शोधतो. अंडीं तिघांचींहि पांढरीं. अंधारांत रंग हवा कशाला? तथापि खंड्याचे सर्वांत जवळचे आप्त, मॉटमॉट आणि टोडी, दूर अमेरिकेकडे राहतात.

आमच्या पदवीच्या अभ्यासांत धनेश व हुदहुद हेहि याच गणांत होते, आणि तेंच आम्हीं कित्येक तुकड्यांस शिकविलें. धनेशाचींहि बोटें जुळलेलीं असतात, त्यामुळें विद्वानांचीहि फसगत झाली. पुढें डीएनएची तुलना झाल्यावर त्या दोघांस धनेशाच्या नांवाच्या स्वतंत्र गणांत घालण्यांत आलें. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हातीं हा अंक पडेल, त्यांनीं आमच्या जुन्या टिपणांतील तेवढी ओळ कृपा करून खोडावी.