सूर आणि औषध

दिवसभर चालून पाय भरून येतात, पण मुक्कामावर टाळ वाजला की म्हातारी माणसेही उठून उभी राहतात. हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. पण सुरांचा हा गुण काही आपल्याच मुलखापुरता नाही, हे आम्ही आज सांगणार आहोत.

तुर्कस्तानात एदिर्ने नावाचे शहर आहे. सुलतान दुसरा बायेझीद याने तेथे बांधलेले रुग्णालय इ. स. १४८८ मध्ये पुरे झाले. सतराव्या शतकातला प्रवासी एव्हलिया चेलेबी लिहितो की, तेथे दहा गाणारे-वाजविणारे नेमलेले असत आणि आठवड्यातून तीनदा रोग्यांपुढे व वेड्यांपुढे त्यांचे गायन-वादन होई.

आता अलीकडचे पाहा. अर्धांगाच्या झटक्याने मेंदूची डावी बाजू दुखावली की पुष्कळदा वाचा जाते. पण बोलता न येणारा माणूस कधी कधी ओळखीचे गाणे शब्दांसकट म्हणतो! अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ साली यावरूनच एक उपचार मांडला. हाताने ठेका धरायचा, लहान वाक्य सुरावर म्हणवायचे, मग हळूहळू सूर सोडायचा.

म्हणून औषध सोडावे काय? मुळीच नाही. एदिर्नेतही सुरांबरोबर वैद्य होते, औषधे होती.

तेव्हा मंडळी, घरात कुणाची वाचा गेली असेल तर त्याला कोपऱ्यात टाकू नये. डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून संध्याकाळी त्याच्याजवळ बसावे, त्याच्या पाठातला अभंग सावकाश म्हणावा, आणि शेवटचा शब्द त्याच्यासाठी ठेवून थांबावे.

रामकृष्णहरि.